जुन्या मोटारीच्या क्लचची नाडीपरीक्षा

गणेशचतुर्थी चार दिवसांवर आलेली असते. पावसाने जरा उघडीप दिलेली असते, आणि मे महिन्यापासून पडवीत झाकून ठेवलेल्या मोटारीवरची ताडपत्री निघते. बाजार करायचा आहे, मुंबईहून येणाऱ्या माणसांना रत्नागिरी स्टेशनवरून आणायचे आहे. बॅटरी जोडली जाते, दोनतीनदा खाकरून इंजिन सुरूही होते. घरातली मुले टाळ्या पिटतात. पण क्लच दाबून गिअर टाकायला जावे, तो कर्रर्र असा आवाज! गिअर काही पडत नाही. मग अंगणात जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी निकाल देऊन टाकतो, "क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागणार."

माझे आजचे सांगणे एवढेच, की या निकालाला लगेच मान डोलावू नका. निकाल खरा असेलही. पण गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे दिवसभराची मजुरी, आणि दोष तिथे नसला तर ती फुकट. क्लचचा दोष गिअरबॉक्सपाशी आहे की त्याच्या बाहेर, हे कळायला एक फूटपट्टी, खडूचा तुकडा आणि पेडल दाबायला एक माणूस एवढी सामग्री पुरते.

पहिल्यांदा आपली गाडी कोणत्या जातीची ते पाहा. पेडलाचा जोर क्लचपर्यंत पोचवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पोलादी तारेची केबल असते. मारुती 800 ही या पद्धतीची. दुसरीत नळीतून तेल ढकलले जाते, तिला हायड्रॉलिक क्लच म्हणतात. कोकणातल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे माणसे वाहून नेलेल्या अँबॅसिडर आणि टाटा सुमो या गाड्यांत ही पद्धत आढळते. अँबॅसिडरचे उत्पादन 2014 साली थांबले, सुमोचे 2019 साली; पण हौसेने आणि गरजेने जपलेल्या गाड्या अजून आहेत. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या पायांसमोरच्या पत्र्याकडे पाहा. ब्रेकच्या भांड्याजवळ तसेच दुसरे लहान भांडे दिसले आणि तिथून नळी गिअरबॉक्सकडे गेली असली, तर गाडी या जातीची समजा. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांना मिळून एकच भांडे असते, तर काही फार जुन्या गाड्यांत ते पायाखालच्या तळाशी असते.

आता हे यंत्र चालते कसे? इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या चिमटीत क्लच प्लेट घट्ट धरलेली असते, म्हणून इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. गिअर बदलताना ही चिमटी क्षणभर सैल करायची असते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. ते तेल नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते, तिथला दट्ट्या एक दांडी ढकलतो, दांडी फोर्क हलवते आणि चिमटी सुटते. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सिद्धान्त इथे पायाखाली राबत असतो.

मात्र या कारभारात उधळपट्टीला जागा नाही. उदाहरणादाखल मास्टर सिलिंडरचा व्यास 19 मिलिमीटर आणि स्लेव्हचा 22 मिलिमीटर धरा. मास्टरचा दट्ट्या 18 मिलिमीटर सरकला, तर स्लेव्हचा सरकतो सुमारे 13, म्हणजे अर्धा इंच. चिमटी सुटते ती या अर्ध्या इंचात. वरच्या टोकाला तीन मिलिमीटर वाया गेले, की खाली 11 उरतात आणि गिअर कुरकुरायला लागतात. तेव्हा क्लचची परीक्षा म्हणजे हे दोनतीन मिलिमीटर कुठे हरवले त्याचा शोध.

शोधाचा पहिला प्रश्न असा: इंजिन बंद असताना गिअर पडतात का? चाकांना पुढेमागे दगड लावा, क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. बंद गाडीतही गिअर अडत असतील तर संशय गिअरच्या दांड्यांवर घ्यावा. जुन्या अँबॅसिडरमध्ये स्टिअरिंगजवळच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सांध्यांची लांबलचक माळ असते, ती झिजते. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत कर्रर्र करतात, असे असेल तर मात्र क्लच पुरता सुटत नाही. रिव्हर्स गिअर याची उत्तम साक्ष देतो. इंजिन मंद चालू ठेवून क्लच दाबा, मनात सहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. एवढ्या वेळात आतला दांडा फिरायचा थांबायला हवा. तरीही दात खरवडले, तर क्लच धरून राहिला आहे.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा: स्लेव्ह सिलिंडरची दांडी किती सरकते? इंजिन बंद करा. चाकांचे दगड काढू नका, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही, हे घरातल्या कर्त्या माणसाने बजावून सांगावे. दांडी जिथून बाहेर येते तिथे खडूने खूण करा. एकाने पेडल तळापर्यंत दाबून धरावे, दुसऱ्याने फूटपट्टी लावून मोजावे. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, तो गाडीच्या पुस्तकात मिळेल. पण अर्ध्या इंचाच्या आसपास सरक असली तर तेलाच्या बाजूने आपले काम केले. मग दोष आत आहे, आणि गिअरबॉक्स उतरवण्याची गोष्ट बोलायला हरकत नाही. दांडी पाव इंचच सरकली किंवा हललीच नाही, तर आतल्या प्लेटला नाव ठेवण्याचे काहीच कारण नाही. दोष बाहेर आहे, तो बाहेरच शोधायचा.

तो शोधताना पेडलापासून सुरुवात करून खाली उतरत यावे. माझ्या ओळखीच्या एका घरी अशाच जुन्या अँबॅसिडरला एका कारागिराने नवीन प्लेट घालण्याचा खर्च सांगितला होता. पैसे जमवायची तयारीही चालली होती. आम्ही दांडी मोजली, ती जेमतेम दहा मिलिमीटर सरकत होती. पेडल हाताने हलवून पाहिले, तर दीड सेंटिमीटर ते रिकामेच डुलत होते. डॅशबोर्डखाली डोके घालून टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा उलगडा झाला. पेडल आणि मास्टर सिलिंडरची दांडी यांना जोडणारी बोटाएवढी पिन मधोमध झिजून कमरेत बारीक झाली होती, आणि तिचे गोल भोक लांबट झाले होते. तिथे तीन मिलिमीटर हरवले होते. पेडलाच्या तरफेमुळे तेच पायाला पाचपट वाटत होते. भोकाला नवी बुश बसवली, पिन बदलली आणि गाडी त्याच संध्याकाळी रस्त्यावर आली. सगळ्याच गाड्या इतक्या स्वस्तात सुटत नाहीत, हे मी मान्य करतो. पण पिन न बघता प्लेटपर्यंत जाणे म्हणजे दाराची कडी न तपासता भिंत फोडण्यासारखे आहे.

पिन ठीक असेल तर भांड्यातले तेल पाहा. पातळी उतरली असली तर तेल कुठेतरी जाते आहेच. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचला; पेडलावरून ओघळ आला असेल तर मास्टर सिलिंडर गळतो. मग खाली स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडावरची रबरी टोपी हलकेच मागे सारून पाहा. आत ओल दिसली तर त्याचे रबर गेले. नळीच्या सांध्यांवरून कोरडे कापड फिरवा, गळती असेल तर ते सांगेलच.

तेल कमी नाही, गळती नाही, तरी पेडल मऊ लागते आणि दोनतीनदा भराभर दाबल्यावर गिअर पडतो? मग बहुधा नळीत हवा आहे. तेल दाबले जात नाही पण हवा दबते, आणि तुमच्या पायाची मेहनत तो बुडबुडा खाऊन टाकतो. हवा काढायला दोन माणसे लागतात. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ताज्या तेलाच्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल आवळावा. हा क्रम चुकला की गेलेली हवा परत आत येते. भांडे मध्येच रिकामे होऊ देऊ नये.

हवा काढूनही भागले नाही, तर आणखी एक तपासणी करा. इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबून मिनिटभर एकसारखे धरा आणि खाली दांडीकडे लक्ष ठेवा. दांडी हळूहळू मागे सरकू लागली आणि बाहेर थेंबही नाही, तर मास्टर सिलिंडरमधले रबर झिजून तेल त्याच्या कडेने परत फिरते आहे. सिग्नलला क्लच दाबून उभी असलेली गाडी आपोआप पुढे सरकू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. त्याच वेळी रबरी नळीवर हात ठेवा. दाबाबरोबर ती फुगत असली तर तीही बदला.

आता आपल्या कोकणच्या हवेविषयी. हे तेल आपण "ब्रेक ऑइल" म्हणून विकत घेतो, पण ते इंजिनात घालायचे तेल नव्हे. नेहमीच्या डॉट 3 आणि डॉट 4 या प्रकारांचे वैशिष्ट्य असे, की ते हवेतला दमटपणा शोषून घेतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात मीठ ठेवायच्या बरणीत पाणी सुटते, तिथे भांड्याच्या झाकणातूनही ओल आत शिरते. नवे डॉट 3 तेल निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 140 अंशांवर येते. क्लचमध्ये त्याहून मोठे नुकसान गंजाचे. सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीला खड्डे पडतात आणि नवे रबर घातले तरी ते खड्डे त्याला महिन्याभरात खरवडून काढतात. म्हणून किट घालण्यापूर्वी भिंतीवरून बोट फिरवून पाहावे. खड्डे लागले तर किटचे पैसे वाया न घालवता सिलिंडरच बदलावा. तेल दर दोन वर्षांनी बदलावे, आणि फोडून वर्षभर ठेवलेली बाटली वापरू नये.

"ऑइल" या नावाने आणखी एक अनर्थ होतो. अडचणीच्या वेळी कोणीतरी भांड्यात इंजिन ऑइल ओततो. खनिज तेलाने आतली रबरे फुगतात. क्लचमध्ये असे झाले तर गाडी अडून राहील. पण तोच डबा ब्रेकच्या भांड्यात उपडा झाला, तर घाटाच्या उतारावर काय होईल ते सांगायला नको. संशय आला तर भांड्यातल्या तेलाचा थेंब पेलाभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, खनिज तेल वर तरंगते. गाडीखाली पडलेला थेंब क्लचचा की इंजिनाचा, हेही याच परीक्षेने कळते. चुकीचे तेल गेले असेल तर नुसते उपसून भागत नाही. सारी नळी धुवावी लागते आणि त्या मार्गातले प्रत्येक रबर बदलावे लागते. हे तेल रंग खाते, डोळ्यांनाही वाईट. सांडले की लगेच पाण्याने धुवावे.

आतापर्यंत आपण न सुटणाऱ्या क्लचचे बोललो. दुसरा रोग याच्या उलट, म्हणजे न धरणाऱ्या क्लचचा. साखरप्याहून आंबा घाट चढू लागावे, इंजिनाचा आवाज वाढत जावा, गाडीचा वेग मात्र वाढू नये, आणि जळका वास यावा. इथेही सगळे म्हणतात, प्लेट संपली. पुष्कळदा ती संपलेलीही असते, किंवा इंजिनाचे तेल गळून तिच्यावर आलेले असते. पण घाटाच्या पायथ्याशी क्लच ठीक धरतो, गाडी तापली की घसरतो आणि तासभर उभी केली की पुन्हा धरतो, अशी चाल असेल तर तेल कोंडले आहे का ते पाहावे.

काय होतं बघा. पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधले एक बारीक छिद्र उघडे व्हावे लागते, म्हणजे तापून फुगलेले तेल भांड्यात परत जाऊ शकते. कोणी मास्टर सिलिंडर बदलताना पेडलाची दांडी जरा जास्त लांब केली, किंवा चुकीच्या तेलाने रबर फुगले, की ते छिद्र झाकलेले राहते. तेल तापते, फुगते, त्याला वाट नसते. ते स्लेव्हची दांडी रेटून धरते, आणि तुमचा पाय पेडलावर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. तपासणी सोपी आहे. क्लच घसरू लागला की सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. एक्झॉस्ट तापलेला असतो, त्याला हात लागू देऊ नका. निपलला नळी आणि बाटली लावून तो पाव फेरा सैल करा. पेडलाला कोणी हात न लावता तेल जोराने आले आणि मग क्लच नीट धरू लागला, तर प्लेट निर्दोष. दांडीला मास्टरच्या दट्ट्यापाशी मिलिमीटरभर मोकळी जागा ठेवा. ती ठेवूनही तेल कोंडत असेल, तर फुगलेले रबर आणि आतून बुजलेली नळी यांच्याकडे वळा. निपल आवळल्यावर हवा काढायला विसरू नका.

या रोगात दिरंगाई करू नये. घसरता क्लच तसाच रेटला की चांगली प्लेट खरोखरच जळते, आणि चुकीचे निदान मग खरे ठरते!

आता पुन्हा अंगणातल्या त्या गाडीकडे येऊ. दांडी मोजली, ती पूर्ण सरकते आहे, तरी गिअर पडत नाही. चार महिने दमट हवेत उभी असलेली गाडी असेल, तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असण्याचा संभव मोठा. जाणते ड्रायव्हर इंजिन नीट तापवून बंद करतात, गाडी मोकळ्या सपाट मैदानात नेतात, गिअर टाकून आणि क्लच दाबून तशीच स्टार्ट करतात. गाडी हिसक्यासरशी निघते, आणि क्लच दाबून धरलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर कमीजास्त केला की बहुधा प्लेट सुटते. पण हे काम अंगणात, मुलांच्या गराड्यात मुळीच करू नये. समोर शंभर पावले रिकामी जागा आणि पायाखाली खात्रीचा ब्रेक असेल तरच करावे. नाही सुटली, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. त्या वेळी आतली धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसावे.

आणि ही पाळीच येऊ नये असे वाटत असेल, तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी वाडीच्या रस्त्यापर्यंत तरी फिरवून आणा. नुसते इंजिन सुरू करून उपयोग नाही. गाडी हलली पाहिजे, क्लच आठदहा वेळा दाबला गेला पाहिजे. काही जण सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडका लावून क्लच दाबून ठेवतात. त्याने प्लेट सुटी राहते खरी, पण हायड्रॉलिक क्लचमध्ये दाब महिनोन्‌महिने टिकेलच अशी खात्री नाही. गाडी फिरवणे त्याहून बरे.

तेव्हा चतुर्थीच्या आधी आठ दिवस ताडपत्री काढा. पेडल हाताने हलवून पाहा, भांड्याचे झाकण उघडा, दांडी एकदा मोजून तो आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोणी "प्लेट गेली" म्हणाला, की वही उघडून आकडा ताडून पाहता येईल, आणि कारागिरालाही तो दाखवता येईल. चांगला कारागीर अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही. त्याचे निम्मे काम तुम्ही केलेले असते.